एलेनॉरच्या माहेरी

सोमवार, पॅरिस

लूव्र संग्रहालयाच्या रिशल्यू विभागात, पहिल्या मजल्यावर, काचेच्या कपाटात स्फटिकाची एक सुरई आहे. उंची जेमतेम फूटभर. स्फटिकावर मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी कोरलेली, आणि वर-खाली सोन्या-चांदीची, रत्नं जडवलेली बैठक नि गळा. मोनालिसाच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. इथे मी आणि ताई दोघीच होतो.

बैठकीवर लॅटिनमध्ये मजकूर कोरलाय. त्याचा अर्थ साधारण असा: नववधू आनोरने ही सुरई राजा लुईला दिली, मितादोलुसने तिच्या आजोबांना, राजाने मला, आणि सुजेने संतांना. हा सुजे म्हणजे सां-दनी मठाचा प्रमुख आणि लुईचा सल्लागार; मजकुरात 'मला' म्हणणाराही तोच. आणि आनोर म्हणजे एलेनॉर, नैऋत्य फ्रान्समधल्या आक्वितेन मुलखाची वारसदार, आधी फ्रान्सची आणि मग इंग्लंडची राणी. ज्या वस्तूबद्दल 'ही खात्रीने एलेनॉरच्या हातातली' असं म्हणता येतं, अशी आज ही एवढीच उरली आहे. मितादोलुस म्हणजे स्पेनमधल्या सारागोसाचा मुस्लिम अमीर इमाद-उद-दौला, असं अभ्यासक मानतात. एलेनॉरचे आजोबा 1120 च्या सुमारास त्याच्या बाजूने लढायला गेले होते. एका सुरईत आजोबा, नात, तिचा पहिला नवरा आणि त्याचा सल्लागार, सगळे आले.

ताईने शाळेत इतिहास शिकवला. धर्मयुद्धांच्या धड्यात इंग्लंडचा सिंहहृदयी रिचर्ड असायचा, त्याच्या आईबद्दल, म्हणजे या एलेनॉरबद्दल, मात्र एक ओळही नसायची. ती आई दोन राजांची राणी आणि दोन राजांची आई होती. शिवाय या सगळ्याच्या आधीपासून आणि नंतरही ती एका मोठ्या मुलखाची स्वतःच्या हक्काने मालकीण होती. त्या मुलखात जायचं, ती जिथे जन्मली, लग्न करून गेली, परत आली आणि शेवटी निजली ती गावं पाहायची, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. मे महिना होता, हवा छान होती.

मंगळवार, बोर्दो

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही गाडी दोन तासांच्या थोडं वर वेळ घेऊन बोर्दोला सोडते. 1137 साली हाच रस्ता सतरा वर्षांच्या राजपुत्र लुईने पाचशेहून अधिक सरदारांसह उन्हाळ्यात कापला होता, नवरी आणायला.

एलेनॉरचे वडील, आक्वितेनचे ड्यूक दहावे गियोम, त्याच वर्षी 9 एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेत वारले. आई एनोर आणि धाकटा भाऊ गियोम दोघंही सात वर्षांपूर्वीच गेले होते. मागे उरल्या दोन बहिणी, एलेनॉर आणि पेत्रोनिला. थोरली तेव्हा तेरा ते पंधरा वर्षांची असावी. तिच्या जन्माचं साल कोणी 1122 धरतं, कोणी 1124. वारसा मात्र असा की लुआर नदीपासून पिरनीज पर्वतापर्यंतचा मुलूख त्यात येत होता, प्रत्यक्ष फ्रान्सच्या राजाच्या ताब्यातल्या जमिनीहून कितीतरी मोठा. बिनआईबापाच्या अशा मुलीला त्या काळी एखादा सरदार सरळ पळवून नेऊन लग्न लावायचा आणि जहागीर गिळायचा. वडिलांनी जाण्याआधी मुलींना राजाच्या हवाली केलं होतं ते यासाठीच. राजा आजारी होता, अंथरुणाला खिळलेला. त्याने आपल्या मुलाशीच लग्न जुळवून टाकलं.

लुईच्या लवाजम्याने गारोन नदीच्या पलीकडच्या काठावर तंबू ठोकले आणि मंडळी होड्यांनी शहरात आली. तेव्हा इथे पूलच नव्हता. बोर्दोचा पहिला दगडी पूल 1822 साली पुरा झाला. आम्ही संध्याकाळी त्या पुलावरून चालत पलीकडे गेलो आणि वळून शहराकडे पाहिलं. नदी इथे मातकट, रुंद आणि चांगलीच ओढीची आहे.

लग्न झालं ते सेंट आंद्रे कॅथेड्रलमध्ये, 25 जुलै 1137 रोजी. आजची इमारत बरीचशी नंतरची, पण मधल्या लांब दालनाच्या भिंतींचा खालचा भाग जुना आहे. ताईने तिथल्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. जवळच पे-बेर्लां मनोरा उभा आहे, चर्चपासून सुटा बांधलेला, म्हणजे घंटांच्या हादऱ्याने चर्चला धक्का लागू नये. तो पंधराव्या शतकातला, तिने न पाहिलेला.

तिचं राहतं घर, म्हणजे ड्यूकांचा लोंब्रिएर राजवाडा, 1800 साली पाडला. काय्हो दरवाज्याच्या आत शिरल्यावर जो चौक लागतो त्याचं नाव मात्र आजही प्लास द्यू पाले, म्हणजे राजवाड्याचा चौक. तिथे आता कॅफेच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. आम्ही कॉफी आणि कानले घेतले. रम आणि व्हॅनिला घातलेला, बाहेरून जळका-कुरकुरीत आणि आतून मऊसर, असा हा इथला छोटा केक. दारू चालत नसेल त्यांनी आधी विचारून घ्यावं.

लग्नाला आठवडा होतो न होतो तोच, 1 ऑगस्टला, सासरा वारला. नवरी पॅरिसला पोचायच्या आधीच फ्रान्सची राणी झाली. पण आक्वितेन काही फ्रान्सच्या राज्यात मिसळून गेलं नाही. ते तिच्या नावावर राहिलं, तिच्या वारसांकडे जाण्यासाठी. पुढच्या सदुसष्ट वर्षांची सगळी भांडणं या एका अटीतून निघाली.

बुधवार, प्वातिए

प्वातिए हे टेकडीवरचं गाव. स्टेशन खाली दरीत आणि गाव वर, त्यामुळे सामान घेऊन जिने चढताना चांगलीच दमछाक झाली. पण वर आल्यावर या सगळ्या प्रवासातली मला सर्वांत आवडलेली जागा भेटली: पोआतूच्या काउंटांचा राजवाडा. आक्वितेनचे ड्यूक हेच पोआतूचे काउंट, आणि त्यांचं खरं घर बोर्दोपेक्षा हे. फ्रेंच राज्यक्रांतीपासून 2019 पर्यंत इथे न्यायालय भरत होतं. आता ते नव्या इमारतीत गेलं आणि राजवाडा लोकांसाठी उघडला.

मोठं दालन पन्नासेक मीटर लांब आणि सतरा मीटर रुंद आहे, आणि मध्ये एकही खांब नाही. भिंतींवर ओळीने कमानी, कमानींच्या टोकांना दगडात कोरलेले छोटे छोटे चेहरे: कोणी हसरा, कोणी जीभ काढलेला, कोणी नुसताच थकलेला. हे दालन बाराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्याच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात, एलेनॉरच्या आणि तिच्या मुलांच्या अमलात उभं राहिलं. पलीकडची तीन भव्य शेकोट्यांची भिंत दोनशे वर्षांनी ड्यूक झां द बेरीने बांधून घेतली. तिच्याकडे लोक जास्त पाहतात, फोटोही तिचेच काढतात. मला मात्र या साध्या कमानींखाली बसावंसं वाटलं. कडेने दगडी बाक आहेत, तिथे कॉलेजची मुलं वह्या उघडून अभ्यास करत होती. आम्हीही बसलो, आणि ताईने मला या घराची वंशावळ सांगितली.

आजोबा नववे गियोम. ज्याची गाणी आज हातात आहेत असा पहिला त्रुबादूर, म्हणजे ओक्सितान भाषेतला दरबारी कवी. त्यांच्या दहा-अकरा रचना उरल्या आहेत, काही हळव्या, काही अगदी अचकट-विचकट. या आजोबांनी आपल्याच मांडलिकाची, शातेलरोच्या व्हायकाउंटची, बायको उचलून आणली आणि या राजवाड्याच्या मोबेर्जों मनोऱ्यात ठेवली. तिचं नाव दांजरोज. धर्मगुरूंनी बहिष्कार घातला तरी आजोबा बधले नाहीत. लग्नाची बायको फिलिपा घर सोडून फोंतव्रोच्या मठात निघून गेली असं सांगतात. मग दांजरोजने आपल्या पहिल्या संसारातली मुलगी एनोर हिचं लग्न गियोमच्या मुलाशी लावलं. त्या दोघांची थोरली लेक ती एलेनॉर. म्हणजे मनोऱ्यात ठेवलेली बाई ही तिची सख्खी आजी, आणि रुसून मठात गेलेली ती तिच्या बापाची आई. ताई म्हणाली, "अशा घरात वाढलेल्या मुलीला पॅरिसच्या राजवाड्यात गुदमरायला झालं तर काय नवल!"

लुई मुळात मठात वाढलेला. थोरला भाऊ घोड्यावरून पडून मेला म्हणून गादी त्याच्याकडे आली. पंधरा वर्षांच्या संसारात दोन मुली झाल्या, मारी आणि अलिक्स. मुलगा नाही. धाकटी बहीण पेत्रोनिलाने राजाच्या नात्यातल्या, वयाने कितीतरी मोठ्या, लग्न झालेल्या राउल द व्हेर्मांद्वाशी लग्न केलं. सोडलेली बायको शांपाञच्या काउंटच्या घरातली होती, म्हणून युद्ध पेटलं. त्या युद्धात 1143 च्या सुमारास व्हित्री गावचं चर्च आत आसरा घेतलेल्या लोकांसकट जळालं. हजाराहून अधिक माणसं गेली असं इतिवृत्तकार लिहितात. लुईच्या मनावर त्याचा घाव बसला तो कायमचा, आणि दुसऱ्या धर्मयुद्धाला तो निघाला त्यात या पापाचं ओझं होतंच.

एलेनॉर बरोबर गेली. आजच्या तुर्कस्तानातल्या अंतिओकमध्ये तिचे काका रेमों राज्य करत होते. ते आणि ती तासन्‌तास बोलत बसत, म्हणून नको त्या अफवा उठल्या आणि शतकानुशतकं चघळल्या गेल्या. पुरावा कशाचाच नाही. बापाच्या पश्चात, परक्या मुलखात, आपल्या बोलीत बोलणारा आपल्या घरचा माणूस भेटला तर कोणती मुलगी बोलत बसणार नाही? मला या अफवांचा मनापासून राग येतो. खरा मुद्दा वेगळा होता. आधी अलेप्पोवर चालून जा असा काकांचा सल्ला होता आणि तिला तो पटला होता. लुईला थेट जेरुसलेमला जायचं होतं. परतताना पोपने दोघांची समजूत घालून पाहिली. पण 21 मार्च 1152 रोजी बोजांसी इथे 'नातं फार जवळचं' या कारणाने विवाह रद्द ठरला. मुली बापाकडे राहिल्या. मुलूख तिच्याबरोबर परत आला.

तिथून प्वातिएला येताना दोन ठिकाणी तिला पळवून न्यायचा बेत झाला. दोन्ही वेळा ती निसटली आणि या राजवाड्यात पोचली. विवाह रद्द होऊन जेमतेम आठ आठवडे झाले असतील, 18 मे 1152 ला, याच गावात तिने हेन्री प्लांताजेनेशी लग्न केलं. तो ॲंजूचा काउंट, नॉर्मंडीचा ड्यूक, एकोणीस वर्षांचा. ती तिशीच्या उंबरठ्यावर. नात्याने तो लुईपेक्षा लांबचा मुळीच नव्हता. दोनच वर्षांत तो इंग्लंडचा दुसरा हेन्री झाला.

रात्री ब्रोये घेतलं. लोण्याची भली मोठी गोल बिस्किटं असतात, मध्ये मूठ आपटून फोडायची आणि सगळ्यांनी तुकडे उचलायचे. ताईने मूठ आपटली.

गुरुवार, प्वातिए

आज कॅथेड्रल. हेन्री आणि एलेनॉर यांच्या काळात, 1160 च्या दशकात, हे काम सुरू झालं. पूर्वेच्या भिंतीत मधोमध आठेक मीटर उंचीची क्रूसारोहणाची रंगीत काच आहे, बाराव्या शतकातली. लाल आणि निळा हे दोन रंग इतके गडद की सकाळच्या उन्हात खालच्या फरशीवर त्यांचे डाग पडतात. तळाशी, अगदी छोट्या चौकटीत, ही काच अर्पण करणारं जोडपं मुलांसह गुडघे टेकून बसलेलं आहे. दुर्बीण नेली होती म्हणून दिसलं. तेच हे हेन्री आणि एलेनॉर. कुटुंबाचं एकत्र चित्र, आणि तेही बरं चाललेलं होतं तेव्हाचं.

आठ मुलं झाली. थोरला गियोम तीन वर्षांचा होऊन गेला. मग धाकटा हेन्री, माटिल्डा, रिचर्ड, जोफ्रुआ, आईच्याच नावाची एलेनॉर, जोआना आणि शेवटी 1166 मध्ये जॉन. माटिल्डा जर्मनीत सॅक्सनीला दिली, एलेनॉर स्पेनमध्ये कास्तीलला, जोआना सिसिलीला. पहिल्या घरच्या मुलींचं तर आणखी वेगळं. मारी शांपाञच्या काउंटला दिली, अलिक्स त्याच्याच भावाला, ब्ल्वाच्या काउंटला, आणि त्या दोघांची बहीण आदेल ही लुईची तिसरी बायको. म्हणजे दोघी बहिणींची नणंदच त्यांची सावत्र आई. वर लुईची दुसऱ्या बायकोपासून झालेली मुलगी मार्गरीत हिचं लग्न झालं ते एलेनॉरच्या मुलाशी, धाकट्या हेन्रीशी. ताईने वहीत हे सगळं रेघा मारून काढलं तेव्हा पान पुरलं नाही.

1168 च्या सुमारास एलेनॉर इंग्लंड सोडून इथे परत आली आणि रिचर्डला हाताशी धरून मुलूख सांभाळू लागली. त्या काळात तिने इथे 'प्रेमाचं न्यायालय' भरवलं, सरदार आणि बायका प्रेमाच्या खटल्यांचा निवाडा करत, अशी कथा पर्यटकांना हमखास ऐकवतात. बहुतेक इतिहासकार तिला मानत नाहीत. मारी हिने कवींना आश्रय दिला हे मात्र खरं. क्रेतियां द त्र्वाने लान्सलॉटची कथा तिच्या सांगण्यावरून लिहिली, आणि तसं त्याने सुरुवातीलाच म्हटलं आहे.

1173 मध्ये तीन मुलगे बापाविरुद्ध उठले. आई त्यांच्या बाजूने होती. का, यावर ढीगभर लिहिलं गेलंय. हेन्रीची रोझामंड नावाची प्रेयसी होती, तिचा मत्सर, हे कारण पुष्कळांना सोपं वाटतं. मला ते पटत नाही. त्याच वर्षी लिमोजमध्ये तुलूजच्या काउंटने हेन्री आणि त्याच्या मुलांपुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतली. तुलूज हा एलेनॉरच्या आजीचा, फिलिपाचा वारसा. त्यावर आक्वितेनचा दावा होता, इंग्लंडच्या राजाचा नव्हे. आपल्या माहेरचा हक्क नवरा आपल्या डोळ्यांदेखत स्वतःच्या नावावर करतोय, हे तिला दिसत होतं. एवढं कारण पुरेसं आहे.

पुरुषाचे कपडे घालून ती निघाली होती, वाटेत पकडली गेली. पुढची पंधरा वर्षं कैद.

दुपारी जवळच्याच सेंट रादगोंदच्या चर्चमध्ये गेलो. रादगोंद ही सहाव्या शतकातली फ्रँकांची राणी. नवऱ्याने भावाला मारवलं तेव्हा ती त्याला सोडून निघाली आणि याच गावात तिने मठ काढला. तळघरात तिचं थडगं आहे, मेणबत्त्या तेवत असतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका आजही येऊन बसतात. एलेनॉर लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आली असणार.

शुक्रवार, मिरबो आणि शिनों

पुढच्या गावांना रेल्वेने जाणं अवघड, म्हणून भाड्याची गाडी घेतली. मिरबो तीसेक किलोमीटर. किल्ला उरलेला नाही, तटाचे काही तुकडे आहेत. पाहण्यासारखं थोडं, पण मला इथे यायचंच होतं. 1202 च्या जुलैमध्ये ऐंशीच्या घरातली एलेनॉर या गावात अडकली होती, आणि बाहेर वेढा घालून बसला होता तिचा नातू, जोफ्रुआचा पंधरा वर्षांचा मुलगा आर्थर. त्याला तेव्हा राजा असलेल्या काका जॉनचं राज्य हवं होतं आणि त्यासाठी आजी ओलीस हवी होती. गाव पडलं, ती आतल्या बुरुजात शिरली, बोलणी लांबवत राहिली आणि निरोप बाहेर काढला. जॉन ल मांहून शंभरावर किलोमीटर दोन दिवसांत तोडून आला आणि 1 ऑगस्टच्या पहाटे त्याने सगळ्यांना धरलं. पुढच्या वर्षी आर्थर रुआंच्या कैदेतून नाहीसा झाला. त्याची बहीण जवळजवळ चाळीस वर्षं कैदेत राहून तिथेच मेली. जॉनबद्दल मला काही चांगलं म्हणता येत नाही, पण आईसाठी तो धावला, हे नोंदवायला हवं.

शिनोंचा किल्ला व्हिएन नदीवरच्या कड्यावर लांबच लांब पसरलाय. जोन ऑफ आर्क 1429 मध्ये राजाला इथेच भेटली, त्यामुळे बहुतेक लोक तिच्यासाठी येतात. हेन्रीचा हा आवडता किल्ला होता आणि त्याचा शेवटही इथेच झाला, 6 जुलै 1189 ला. रिचर्डने फ्रान्सच्या राजाशी हात मिळवून बापाला नमवलं होतं. फितुरांची यादी वाचून दाखवली त्यात जॉनचं, लाडक्या शेंडेफळाचं, नाव निघालं, आणि मग त्याने जगायची इच्छाच सोडली असं इतिवृत्तकार सांगतात. त्या वेळी जवळ होता तो अनौरस मुलगा जोफ्रुआ.

किल्ल्याच्या पूर्वेला कड्यात अर्धवट खोदलेलं सेंट रादगोंदचं चॅपल आहे. 1964 मध्ये तिथे भिंतीवरचा गिलावा निघाला आणि खालून पाच घोडेस्वारांचं चित्र बाहेर आलं. दोघांच्या डोक्यावर मुकुट. मधली आकृती मागे वळून एका तरुणाकडे हात करते आहे. कैद करून नेताना एलेनॉर मुलाचा निरोप घेते आहे, असं अनेकजण मानतात. ती बाईच नव्हे, हे दृश्यच वेगळं, असंही मत आहे. चॅपल कायम उघडं नसतं, आधी चौकशी करून जावं. त्या मागे वळलेल्या चेहऱ्यापुढे मी उभी राहिले. रेघ एकच, पण मान वळवण्यातली ओढ अशी की आठशेहून अधिक वर्षांच्या अंतराने काळजाला हात घालते. ती कोणीही असो, चित्रकाराने कोणाला तरी असं वळताना पाहिलं होतं.

शनिवार, फोंतव्रो

शिनोंपासून फोंतव्रो वीसेक किलोमीटर. वाटेत कांद गावी व्हिएन लुआरला मिळते, तिथे थांबावं.

हा मठ 1101 मध्ये रोबेर दार्ब्रिसेलने स्थापला. इथे नन आणि भिक्षू दोघंही राहत, आणि सगळ्यांवर हुकूम चाले तो बाईचा. राज्यक्रांतीपर्यंत एकूण छत्तीस मठप्रमुख झाल्या, सगळ्या स्त्रिया. हेन्रीची आत्या माटिल्डा त्यांतली एक. तिचा नवरा, इंग्लंडचा युवराज, 1120 मध्ये जहाज फुटून बुडाला तेव्हा ती अजून लहानच होती. एलेनॉरची नात, अलिक्सची मुलगी, हीसुद्धा इथे नन झाली आणि पुढे मठाची प्रमुखही. आजोळच्या बायकांची ही जागा होती म्हणायला हरकत नाही.

राज्यक्रांतीनंतर नेपोलियनने मठाचा तुरुंग केला. चर्चच्या उंच दालनात मजले टाकून कैदी ठेवले. 1963 मध्ये तुरुंग बंद झाला. आता ते दालन पुन्हा मोकळं आहे, पांढऱ्या मऊ दगडाचं, आक्वितेनकडच्या चर्चांसारखं घुमटांच्या छताचं. मधोमध चार शिल्पं आडवी ठेवली आहेत: हेन्री, एलेनॉर, रिचर्ड, आणि जॉनची बायको इझाबेल. पहिली तीन दगडी, इझाबेलचं लाकडी. हाडं राज्यक्रांतीत पांगली. खाली काही नाही.

हेन्री आणि रिचर्ड अंत्ययात्रेत ठेवल्यासारखे निजलेले आहेत. एलेनॉर निजल्या निजल्या पुस्तक वाचते आहे. डोक्याला मुकुट, हनुवटीखालून पट्टी, अंगावर निळ्या-तांबड्या रंगाच्या खुणा अजून टिकलेल्या, घोळदार वस्त्राच्या चुण्या पायापर्यंत एकसारख्या उतरलेल्या. दोन्ही हातांत उघडं पुस्तक, पानं कोरी. त्या काळात राणीचं असं शिल्प फार वेगळं होतं. मृत बाईला कायमची वाचत ठेवणं, ही कल्पना तिची स्वतःची की मठातल्या कुणा बाईची? मला ती तिचीच वाटते.

1860 च्या दशकात ही शिल्पं लंडनला वेस्टमिन्स्टरमध्ये हलवायचं घाटत होतं आणि तिसरा नेपोलियन त्यांना देऊनही टाकणार होता. इथल्या लोकांनी ओरड केली म्हणून राहिली. बरं झालं. ती इंग्लंडची राणी होती, पण घर तिचं इथे होतं.

कैदेतून ती 1189 मध्ये सुटली, पासष्टीच्या आसपास, आणि तिचं सगळ्यांत मोठं काम त्यानंतर झालं. रिचर्डची नवरी, नवाराची बेरेंगारिया, घेऊन ती आल्प्स ओलांडून सिसिलीला गेली. रिचर्ड ऑस्ट्रियात पकडला गेला तेव्हा दीड लाख मार्क खंडणी ठरली. चर्चमधली चांदीची भांडी, लोकर, उत्पन्नाचा चौथा हिस्सा, सगळं गोळा करून ती स्वतः जर्मनीला गेली आणि फेब्रुवारी 1194 मध्ये मुलाला सोडवून आणलं. पोपला तिच्या नावाने गेलेल्या पत्रांत ती स्वतःला 'देवाच्या कोपाने इंग्लंडची राणी' म्हणवते. 6 एप्रिल 1199 ला शालू इथे बाणाच्या जखमेने रिचर्ड गेला, आणि त्याच वर्षी बाळंतपणात जोआनाही गेली. मरणापूर्वी तिने हट्टाने फोंतव्रोची नन म्हणून दीक्षा घेतली. दहा मुलांपैकी आता दोनच उरली, जॉन आणि कास्तीलची एलेनॉर.

अशा वर्षात ही बाई घरात बसली नाही. ला रोशेल, सेंत, ओलेरों, प्वातिए, अशी गावोगाव फिरून तिने नगरांना कारभाराच्या सनदा दिल्या, म्हणजे गावं आपल्या पायावर उभी राहतील आणि शत्रूला दारं उघडणार नाहीत. मग तूरला जाऊन फ्रान्सच्या राजापुढे पोआतूसाठी स्वतःच्या नावाने निष्ठेची शपथ घेतली. बासष्ट वर्षांपूर्वी मिळालेला वारसा अजून तिच्याच नावावर आहे हे तिने सगळ्यांसमोर नोंदवून घेतलं. प्रवासभर ताई आणि मी ज्याबद्दल बोलत होतो ते हेच.

आणि 1200 च्या हिवाळ्यात ती पिरनीज ओलांडून कास्तीलला गेली. फ्रान्सशी तह ठरला होता, त्यात तिची एक नात फ्रान्सच्या युवराजाला द्यायची होती. मुलीच्या घरी ती दोनेक महिने राहिली आणि बारा वर्षांच्या ब्लांशला घेऊन निघाली. येताना बोर्दोत ईस्टर केला. थकली होती, म्हणून स्वतः फोंतव्रोला थांबली आणि बोर्दोच्या आर्चबिशपांबरोबर नातीला पुढे धाडलं. 1 एप्रिल 1204 ला ती गेली, ब्याऐंशीच्या आसपास.

मठाचं स्वयंपाकघर बघायला विसरू नका. दगडी खवल्यांचं छप्पर आणि त्यावर धुराड्यांचा घोळका. एवढी माणसं जेवायची म्हणजे चुली किती लागत असतील ते तिथे उभं राहिलं की कळतं. रात्री सोम्यूरच्या रस्त्यावर एका गुहेतल्या खानावळीत फुए खाल्ले. लाकडाच्या भट्टीत भाजलेले छोटे पाव, भाकरीसारखे टम्म फुगतात. फोडून त्यात पांढरे घेवडे किंवा बकरीच्या दुधाचं चीज भरायचं. शाकाहारी माणसाची इथे चांगली सोय होते.

जेवताना ताईने पुढचा बेत सांगितला. ती ब्लांश म्हणजे फ्रान्सच्या संत लुई राजाची आई. नवरा मेल्यावर बारा वर्षांच्या मुलाच्या नावाने राज्य चालवलं, बंडखोर सरदारांना वठणीवर आणलं, आणि मुलगा धर्मयुद्धाला गेला तेव्हा पुन्हा कारभार हाती घेतला. पॅरिसच्या वायव्येला, पोंत्वाजजवळ, तिने 1236 मध्ये मोबुइसोंचा मठ बांधायला घेतला, आणि तिला पुरलंही तिथेच. थडगं नाही उरलं, पण सभेचं दालन आणि धान्याचं भलं मोठं कोठार उभं आहे. पॅरिसहून लोकलने जाता येतं. परतीच्या विमानाआधी अर्धा दिवस हाताशी होता, तेव्हा सकाळी लवकर निघायचं ठरलं.